हिल एंडला बघायचं काय?

सिडनीत आमच्याकडे येणारे पाहुणे हमखास विचारतात, "चार तास गाडी हाकून त्या ओसाड गावात का जाता? आहे काय तिथे?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सांगून टाकते.

आहे तसं थोडंच. शंभरेक वस्ती, मोजक्या जुन्या इमारती आणि मधल्या मोकळ्या जागांत झाडंच झाडं. 1872 मध्ये मात्र इथे सोन्यापायी हजारोंची झुंबड उडाली होती. त्याच वर्षी ब्यूफॉय मर्लिन हा फोटोग्राफर आपला तरुण मदतनीस चार्ल्स बेलिस याला घेऊन आला आणि दोघं घर न् घर, दुकान न् दुकान टिपत सुटले. दारात मालक, शेजारी बायको, पायाशी कुत्रं. मला हे फोटो आवडतात, पण त्यांवर माझा पुरता विश्वास नाही. फोटोवाला येणार म्हटल्यावर कोण ठाकठीक उभं राहणार नाही?

म्हणून मी आधी उंचावरून घेतलेली गावाची दृश्यं उघडते. काचेवर कोलोडियन या चिकट द्रावणाचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात नेऊन धुवायची, असा तेव्हाचा खटाटोप. काचांमागून काचा अशा तयार करून सलग देखावा जुळवायचा, तर मधल्या वेळात ऊन सरकणारच. त्यामुळे असा कुठलाही जुना पॅनोरमा बघताना मी जोडापाशी सावल्या जुळतात का ते बघते.

हिल एंडच्या दृश्यांत मात्र डोळा अडकतो तो तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांवर. उतारच्या उतार बोडके! खाणींना टेकू लाकडाचे, बॉयलरला जळण लाकडाचं, झोपड्यांवर झाडांची साल. दुकानाच्या दारातल्या फोटोत ही तोड कशी दिसणार? आज तिथे जी झाडी बघून लोक "काय निसर्ग आहे!" म्हणतात, ती बरीचशी नंतरची.

फोटोंच्या या कामाला पुढे पैसा पुरवला तो बर्नहार्ट होल्टरमन या खाणवाल्याने. ऑक्टोबर 1872 मध्ये त्याच्या स्टार ऑफ होप खाणीत सोन्याने भरलेला 286 किलोचा दगड निघाला. त्याच्याशेजारी होल्टरमन ऐटीत उभा आहे तो फोटो तुम्ही पाहिला असेल. तो चक्क जोडकाम आहे! त्याला स्टुडिओत वेगळा उभा केला होता. मर्लिन 1873 मध्ये वारला. पुढे 1875 मध्ये होल्टरमनने घरावर मनोरा बांधून बेलिसकडून सिडनीचा सुमारे दहा मीटर लांब पॅनोरमा काढून घेतला.

काचा नंतर विस्मरणात गेल्या आणि 1951 मध्ये सिडनीच्याच चॅट्सवुड भागात बागेतल्या एका शेडमध्ये सापडल्या, साडेतीन हजारांच्या घरात! आता त्या न्यू साउथ वेल्सच्या स्टेट लायब्ररीत आहेत आणि घरबसल्या संगणकावर मोठ्या करून बघता येतात. तेवढं करून मग निघा. आणि हो, पेट्रोल वाटेतल्या बाथर्स्ट गावातच भरून घ्या.