टोप कुणाचे?

सिसिलीच्या सहली नेणारी टूर मॅनेजर म्हणून फाविन्याना बेटावरील जुन्या ट्यूना कारखान्यातल्या संग्रहालयात मी कितीतरी गटांना माहिती सांगितली आहे, आणि काचेमागच्या शिरस्त्राणांकडे बोट दाखवून ‘हे कार्थेजचे सैनिक’ असे म्हणण्याची मला सवयच जडली होती. ती मोडली एका निवृत्त ओतारी काकांनी.

इ.स.पू. 241 मध्ये रोम आणि उत्तर आफ्रिकेतील कार्थेज हे नगरराज्य यांचे पहिले युद्ध ज्या आरमारी लढाईने संपले, ती इथूनच जवळ झाली. लेवान्झो बेटाजवळ सुमारे 80 मीटर खोल तळावरून कांस्याच्या वीसहून अधिक चोची वर काढण्यात आल्या आहेत. शत्रूच्या नावेला भगदाड पाडण्यासाठी त्या जहाजाच्या पुढच्या टोकाला बसवीत.

काका अशाच एका चोचीपुढे बराच वेळ वाकून उभे होते. “ताई, हे मेणाच्या नमुन्यावरून एका ओतात काढलंय. साचा फोडल्याशिवाय वस्तू बाहेर येत नाही, म्हणजे हिच्यासारखी दुसरी नसणार.” प्रत्येक चोच त्या त्या नावेच्या मापाने घडवली जाई, असे अभ्यासकही मानतात.

मग त्यांनी विचारले, “पण टोप कुणाचे, हे कसं ओळखलं?”

मी गडबडले. या घडणीचे टोप रोमन वापरीत, तसे केल्टही वापरीत. आणि कार्थेजच्या फौजेत तर लिबियन पायदळ, इबेरियन, बालेआरिक बेटांवरचे गोफणकरी, नुमिडियन घोडेस्वार असे बहुतेक बाहेरचेच. पुढच्या युद्धात, इ.स.पू. 217 नंतर, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने आपल्या लिबियन शिपायांना रोमनांकडून जिंकलेली शस्त्रेच दिली. त्यात ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या सांगण्यानुसार इ.स.पू. 241 च्या लढाईतील कार्थेजची जहाजे धान्याने लादलेली होती आणि त्यांवरची माणसे नवखी. धान्य उतरवून सिसिलीतील एरिक्स डोंगरावर असलेल्या कार्थेजच्या सेनापती हामिल्कारचे कसलेले सैनिक चढवून घ्यायचे, हा बेत रोमनांनी वाटेतच हाणून पाडला.

चोचींचे मात्र तसे नाही. काहींवर रोमन खजिनदारांची नावे लॅटिनमध्ये आहेत, तर एकीवरच्या प्यूनिक, म्हणजे कार्थेजच्या, लिपीत ही चोच शत्रूच्या नावेत घुसो, अशी बआल (Baal) या देवाला केलेली प्रार्थना आहे. हे मी काकांना सांगेपर्यंत बाकीची मंडळी उन्हात चहा शोधायला निघून गेली होती.

परतीच्या बोटीत काकांनी विचारले, “काशात कथील किती घातलं असेल?” मी तो प्रश्न वहीत टिपून घेतला.