पाऊणपटीचा हिशोब

नवरा देवगडचा असला की समुद्र ही त्याच्या घरचीच वस्तू असते, आपण फक्त बघायचं. मी नांदेडची. पाणी म्हटलं की मला गोदावरीचा घाट आठवतो, त्यामुळे लग्न झाल्यापासून समुद्र या विषयावर माझं मत कोणी विचारलेलंच नाही.

तर अंदमान. फेब्रुवारी महिना. आधी पोर्ट ब्लेअर, सेल्युलर जेल, सावरकरांच्या कोठडीसमोर सगळ्या मराठी लोकांसारखं गप्प उभं राहणं, आणि मग बोटीने हॅवलॉक. २०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप आहे पण बोटवाल्यापासून नारळवाल्यापर्यंत सगळे हॅवलॉकच म्हणतात. तिथे कयाकिंग करायचं हे ह्याने पुण्यातूनच ठरवून आणलं होतं. खारफुटीतून शांतपणे नेतात ती ट्रिप खरं तर सगळ्यात सोपी, पण ती मीच हाणून पाडली, कारण २०१० साली याच बेटावर राधानगरजवळ एका अमेरिकन मुलीला मगरीने ओढून नेलं होतं हे मी आदल्या रात्री वाचून बसले होते. मगर नको म्हणून उघडा समुद्र. माझी अक्कल बघा.

विजयनगरच्या किनाऱ्यावर जेवून बिवून एकच्या सुमारास पोचलो. कयाकवाला बंगाली होता, त्या बेटावरची बरीच वस्ती फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या लोकांचीच आहे. तो म्हणाला, दादा, सुबह आना, अभी पानी उतर रहा है. झालं! देवगडच्या माणसाला पाण्याची वेळ सांगायची म्हणजे काय. ह्याने तिथल्या तिथे बोटांवर हिशोब केला. कोकणात लहान पोरालाही येतो तो, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ. काल माघी पौर्णिमा, आज प्रतिपदा, एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे पाऊण वाजता पूर्ण भरती, म्हणजे आत्ता कुठे पाणी फिरतंय, ओहोटीला पावणेसात होतील, आपण तीनला परत. कयाकवाल्याने खांदे उडवले, दोन लाइफ जॅकेटं दिली आणि लाटेला आडवं होऊ नका एवढं बजावलं.

दोघांच्या कयाकमध्ये पुढचा ताल धरतो आणि मागचा दिशा सांभाळतो. मी पुढे. म्हणजे ताल माझा, आणि दर दोन मिनिटांनी मागून "अगं डावं, डावं, तुझं डावं" हे पार्श्वसंगीत. जाताना वारा तोंडावर होता, ईशान्येचा, थंडीत तिकडे तसाच असतो. हा म्हणाला, चांगलंय, येताना पाठीवर मिळेल. पण पाणी मात्र, खरं सांगते, मी असं पाणी आयुष्यात पाहिलं नव्हतं. खाली प्रवाळ, मेंदूसारखे गोळे, शिंगांसारख्या फांद्या, आणि एक निळाशार स्टारफिश, प्लास्टिकचा वाटावा इतका निळा. एका ठिकाणी आम्ही वल्ही आडवी ठेवून नुसतेच रेंगाळलो. थोड्या वेळाने ते गोळे आणखी स्पष्ट दिसायला लागले, त्यांच्या खाचांत लपलेले चिमुकले मासेसुद्धा. मी म्हटलं, अरे बघ ना, पाणी किती स्वच्छ झालंय!

पाणी स्वच्छ झालं नव्हतं. तळ वर येत होता.

पण हे तेव्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही आणखी पुढे, जिथे प्रवाळाचा कट्टा संपतो आणि पाणी एकदम गडद निळं होतं तिथपर्यंत गेलो, फोटो काढले, आणि अडीचच्या सुमारास वळून बघितलं तर किनारा आणि आमच्यामध्ये एक पांढरी रेघ. येताना ती नव्हती. लाटा त्या कट्ट्यावर येऊन फुटत होत्या. हा एकदम गप्प झाला, आणि हा गप्प झाला की मला घाम फुटतो. डावं-उजवंही बंद.

पाठीवरचा वारा कयाकमध्ये अजिबात चांगला नसतो हे मला तेव्हा कळलं. मागून लाट येते, बूड उचलते, आणि बोट गर्रकन आडवी. पहिली लाट सावरली. दुसरीला मी ताल सोडून सरळ कडेला धरलं आणि आम्ही दोघं पाण्यात. नाकातोंडात खारट पाणी, कान बंद, जॅकेट गळ्यापर्यंत वर चढलेलं, आणि मनात एकच, की मला पोहता येत नाही हे मी ह्याला कधी नीट सांगितलंय का. मग पायाला काहीतरी करवतीसारखं लागलं. मी उभी राहिले. पाणी कमरेपर्यंत! पण उभं राहू देतायत कुठे, लाट आली की पुन्हा त्या करवतीवर. हा कयाकला लटकलेला, एक वल्हं स्वतःच किनाऱ्याकडे निघालेलं.

आणि तेवढ्यात, जिथे आम्ही जीव मुठीत धरून उभे होतो तिकडेच, गुडघाभर पाण्यातून एक माणूस चालत आला. चालत! लुंगी खोचलेली, खांद्यावर जाळं, तोंडात विडी. "इधर नहीं, उधर गली है," म्हणाला आणि कयाकचं नाक धरून शेळीला ओढावं तसं आम्हाला पन्नासेक पावलं बाजूला नेलं. तिथे प्रवाळात वाळूची वाट होती, होड्या जायची यायची. बाकी सगळा कट्टा उघडा पडत चाललेला, तपकिरी, टोकदार, मघाशी आम्ही ज्याच्यावरून तरंगत गेलो तोच.

रात्री कसंबसं नेटवर्क मिळालं तेव्हा ह्याने बाबांना फोन लावला, जरा तक्रारीच्या सुरातच. बाबा हसले. "अरे मेल्या, ता गणित आपल्या दर्याचा! थंयच्या दर्यान काय आपला पंचांग वाचलेला?"

खरंच की. घड्याळ सगळ्या देशाचं एक, पण अंदमानात सूर्य साडेपाचला बुडतो हे आम्ही तीन दिवस बघत होतो, त्याचं कौतुकही करत होतो. चंद्र काय वेगळा? तोही तिकडे देवगडपेक्षा सव्वा तास आधी माथ्यावर येतो. वर प्रत्येक किनाऱ्याचा तळ वेगळा, आकार वेगळा, त्याप्रमाणे भरती चंद्राच्या मागे कुठे किती रेंगाळेल हे तिथलं तिथेच ठरतं. आमची पाऊणची भरती तिकडे सकाळी दहा-साडेदहालाच होऊन गेली होती. कयाकवाल्याने ते गणित बिणित न करता चार शब्दांत सांगितलं होतं.

साडेदहाला पुन्हा किनाऱ्यावर गेलो, मी लंगडत. चांदणं होतं. पाणी पार झाडांच्या मुळांपर्यंत आलेलं, तो कट्टा, ती करवत, कशाचा मागमूस नाही. हा उभ्या उभ्या बोटं मोजायला लागला.

"म्हणजे इथे पाऊणपट करून त्यातून अडीच तास वजा केले की..."

म्हटलं, आधी माझ्या तळपायातला तो तुकडा काढ.