घराला भाव आला, मग दुकान का बसलं?

लातुरात घर-प्लॉटच्या व्यवहारात असलेल्या माणसाला चहाच्या टपरीवरही हा प्रश्न सोडत नाही. "काय मालक, क्लासेस-हॉस्टेलांच्या ट्यूशन एरियात घरांना एवढा भाव, मग गल्लीतली किराणा दुकानं का बंद पडतायत?" आणि पाठोपाठ, आडून आडून, "तुम्ही दलालांनीच घालवली." तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सांगतो.

किराणा चालतो चुलींवर. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवरचं चार बिऱ्हाडांचं घर विकलं गेलं आणि तिथं हॉस्टेल उभं राहिलं, की चार चुली गेल्या. माणसं वाढली हे खरं. पण तीस पोरं मेसमध्ये जेवतात, आणि मेसवाला तेलाचे डबे न् तांदळाची पोती गंजगोलाईच्या बाजारातून ठोक भावात उचलतो. पोरं दुकानात येतात ती बिस्किटं, मॅगी, शांपूची पुडी घ्यायला. पाकीटबंद मालावर कंपनी देईल तेवढंच मार्जिन. डाळ, गूळ, शेंगदाणे निवडून सुटे विकण्यात दुकानदाराची खरी मिळकत, आणि तो माल घराघरांतून येणाऱ्या महिन्याच्या यादीवर जातो. हॉस्टेलमधून यादी येत नाही. मॉल आणि मोबाइलवरचा किराणा यावर सगळेच बोलतात, ते सोडा.

दुसरं, "भाव चढला" हे तुम्ही ऐकलेलं असतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये 'उर्वरित महाराष्ट्र' निवडा, वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक टाका. सूची दोन, म्हणजे दस्ताच्या नोंदीचा उतारा, उघडते. त्यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन वेगळे आकडे असतात. बाजारभाव हा सरकारी मूल्यदरावरून काढलेला. बघायचा तो मोबदला, म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत. बक्षीसपत्रं, गहाणखतं, भावाभावांतली हक्कसोडपत्रं वगळा, फक्त खरेदीखतं मोजा. तरी रोखीतली रक्कम त्यात नसतेच, हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि पुढच्या खोलीत दुकान आहे, भाडेकरू आहे, हे बहुतेक वेळा त्या कागदावर कुठंच दिसत नाही.

आता तो एक व्यवहार, ज्याच्याकडं तुमचा रोख असतो. पुढच्या खोलीत किराणा, भाडं रोख, करार नाही, पावती नाही. पावती देणं घरमालकाला कायद्यानं बंधनकारक आहे, पण मागतो कोण? मालकाच्या लेकरांनी पुण्यात फ्लॅट घेतला आणि घर विकायला निघालं. इसार झाला. साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, ओळ पडली, 'खरेदीखताच्या दिवशी मिळकतीचा रिकामा ताबा'. ती घर घेणाऱ्याला कर्ज देणाऱ्या बँकेसाठी होती. बँकेकडून मूल्यांकनाला आलेला माणूस शटर बघून पहिला प्रश्न भाडेकरूचाच विचारतो. मग वकिलानं पेपरात जाहीर नोटीस दिली, पंधरा दिवसांत हरकत कळवा म्हणून. दुकानदारानं ती पाहिलीच नाही.

घर विकलं म्हणून भाडेकरू आपोआप उठत नाही. नवा मालक जुन्याच्या जागी येतो, आणि दुकान काढायचं तर कोर्टात कारण दाखवावं लागतं. या माणसाकडं शॉप अ‍ॅक्टची पावती होती, अन्न नोंदणीवर तोच पत्ता होता. ताबा दाखवायला एवढं कामाला आलं असतं. त्या पंधरा दिवसांत दोन ओळींची हरकत वकिलाला देऊन पोहोच घेतली असती, तर व्यवहार तिथंच अडला असता आणि त्याच्याशी बोलल्याशिवाय पुढं सरकला नसता.

"मग तुम्ही का नाही सांगितलं?" दलाली घर घेणाऱ्याकडून आणि विकणाऱ्याकडून मिळते. दुकानदार त्यात पक्षच नव्हता. हे ऐकायला वाईट वाटतं, मलाही वाटतं, पण धंदा असाच आहे.

तो थोडी रक्कम घेऊन उठला. ती कुठंच पुरली नाही. दुकान हलतंय कळल्याबरोबर उधारीच्या वहीतली नावं दुसऱ्या बोळानं ये-जा करू लागली. थंड पेयांचा फ्रिज कंपनीचा, तो आधी गेला. एजन्सीवाला मुदत संपलेला माल बदलून देतो, चांगला माल परत घेत नाही. तो शेजारच्या दुकानाला पडेल भावात द्यावा लागला. लोखंडी रॅक भंगारात.

पूर्वी मीच म्हणायचो की पोरं रोखीनं घेतात, उधारी बुडत नाही, हॉस्टेलची गल्ली दुकानाला चांगली. ते खोटं नव्हतं, आजही नाही. पण 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा पोरं गावी गेली, आणि 2020 च्या टाळेबंदीत हॉस्टेलं रिकामी झाली. बिऱ्हाडांच्या गल्लीत तेव्हाही यादी येत होती, उधारीवर का होईना.

आता म्हणाल, करार करून घ्यावा. घ्या की. पण घरमालक भाडेपट्टा नोंदवत नाही, लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठराविक मुदतीपुरता वापराचा परवाना, पुढं करतो. त्यावर सही केली की मुदतीपुरता आधार, मुदत संपली की भाडेकरू म्हणून हक्क सांगता येत नाही. म्हणजे कागद नसलेला जुना दुकानदार कोर्टात उभा राहू शकतो, आणि कागदवाला अकरा महिन्यांनी उठतो. कुठलं बरं, ते मी ठामपणे सांगत नाही. भाडं मात्र बँकेतून द्या. पासबुकातली नोंद घरमालकाला नाकारता येत नाही.