मुंबईचे ३४ आणि नागपूरचे ४६

दरवर्षी मे महिन्यात एकच वाद पेटतो. विदर्भातला माणूस म्हणतो, "३४ ला कसले घामाघूम होता?" आणि मुंबईकर म्हणतो, "तुमची हवा कोरडी असते हो." दोघांचंही खरं असतं, पण आकडे मांडून बघायची तसदी कुणी घेत नाही. तर मांडूया.

नागपूर, दुपारी तीन, तापमान ४६ अंश, सापेक्ष आर्द्रता १२ टक्के. मुंबई, तीच वेळ, ३४ अंश, ६५ टक्के. अमेरिकी हवामान खात्याचा 'हीट इंडेक्स' म्हणजे अंगाला भासणारं तापमान. त्याच्या सूत्रात या दोन्ही जोड्या घातल्या की उत्तर जवळजवळ एकच येतं, ४४ अंश. पाऱ्यात बारा अंशांचं अंतर आणि काहिली सारखीच. वाद मिटला असं वाटतं, पण नाही मिटत.

कारण दुसरं मोजमाप आहे ओल्या कापडाच्या तापमापकाचं. फुग्याभोवती ओलं मलमल गुंडाळायचं, वारा द्यायचा आणि पाणी उडून तापमान जिथवर खाली येईल तो आकडा घ्यायचा. घामाने शरीर किती थंड होऊ शकतं याची मर्यादा त्यात दिसते. नागपूरच्या त्या दुपारी हा आकडा साधारण २३ येतो, मुंबईचा साडेअठ्ठावीस. म्हणजे नागपुरात घाम निघाला की लगेच उडतो, धोका पाणी कमी पडण्याचा आणि झळांचा. मुंबईत घाम अंगावरून नुसता ओघळतो, काम मात्र करत नाही. हा आकडा ३५ ला पोचला की निरोगी माणूसही फार वेळ तग धरू शकत नाही असं पुस्तकी गणित होतं. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मात्र तरुण, धडधाकट लोकांचंही शरीर दमट हवेत साधारण ३१ च्या आसपासच हार मानायला लागलं. साडेअठ्ठावीस आणि ३१ मध्ये फार जागा नाही.

आता विक्रमांकडे. मुंबईचे, म्हणजे सांताक्रूझ केंद्राचे, आकडे बघा: फेब्रुवारीत ३९.६ (२५ फेब्रुवारी १९६६), मार्चमध्ये ४१.७ (२८ मार्च १९५६), आणि आजवरचं सर्वोच्च ४२.२, १४ एप्रिल १९५२ चं. सत्तर वर्षं उलटली तरी ते मोडलेलं नाही. आणि ते मे महिन्यातलं नाही, एप्रिलमधलं आहे. कारण वाऱ्यात आहे. एरवी दुपार व्हायच्या आत समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि पारा ३२-३४ वर अडतो. मार्च-एप्रिलमध्ये कधीकधी जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे इतके जोरात असतात की खारे वारे दोन-तीन तास उशिरा शिरतात. तेवढ्या वेळात शहर भाजून निघतं. मार्च २०१८ च्या शेवटी ४१ अंश झाले ते असेच. मे महिन्यात खारे वारे लवकर आणि जोरात येतात, ढगही येतात, म्हणून विक्रम होत नाही, उकाडा होतो.

म्हणजे मुंबईचे विक्रमी दिवस हे मुंबईचे कोरडे दिवस असतात. घामोळं येतं, रात्रभर पंख्याखाली तळमळायला होतं, ते दिवस विक्रमांच्या यादीत सापडायचेच नाहीत. दोन उन्हाळ्यांची तुलना फक्त कमाल तापमानावरून करणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

भारतीय हवामान खात्याचे उष्णतेच्या लाटेचे निकषही कमाल तापमानावरच उभे आहेत: मैदानी भागात किमान ४०, किनाऱ्यावर किमान ३७, आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त. मैदानी भागात ४५ झालं की सरासरी न बघताही लाट, ४७ ला तीव्र लाट. ३५ अंशांचा चिकट दिवस यात बसत नाही. त्यासाठी 'उष्ण व दमट' असा वेगळा इशारा देतात, पण त्याला बातमीत 'लाटे'ची किंमत मिळत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर भर उन्हात कार्यक्रम झाला आणि १४ माणसं गेली. त्या दिवशी त्या परिसरातलं कमाल तापमान ३८ च्या आसपास होतं. विदर्भात ३८ ला कुणी बातमी करत नाही. शिवाय हीट इंडेक्स सावलीतला असतो. थेट उन्हात त्यात आठ अंशांपर्यंत भर पडू शकते. मैदानात बसलेल्या माणसाला सावलीतला आकडा लागूच होत नाही.

विदर्भाचं वेळापत्रक वेगळं. तिथे सगळं मेच्या शेवटाकडे सरकतं. नागपूरचा विक्रम ४७.९, २३ मे २०१३ चा, म्हणजे नवतपा (रोहिणी नक्षत्रातले, सर्वात तापणारे मानले जाणारे नऊ दिवस) लागायच्या दोन दिवस आधी. चंद्रपूरचे ४९ अंश २ जून २००७ चे, म्हणजे २५ मेपासून मोजले तर नवतप्याचा अगदी नववा दिवस. यात नक्षत्राची करामत शोधायला नको. सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, जमीन दोन महिने तापून कोरडी ठणठणीत झालेली असते, वायव्येकडून राजस्थानची गरम हवा येत असते आणि पाऊस अजून पोचलेला नसतो. पाऊस जितका लांबेल तितका विक्रमाला वाव. वळवाच्या दोन सरी आधीच पडून गेल्या तर तोच नवतपा फुसका निघतो.

आणि मग ३० मे २०२४. नागपुरात रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, सोनेगावच्या केंद्राने ५४. देशाचा अधिकृत विक्रम ५१ अंशांचा आहे, राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चा. नागपूरने तो एका दुपारी पाच अंशांनी मोडला असं म्हणायचं तर शहरातली बाकीची केंद्रं ४५ च्या आसपास कशी? सेन्सर बिघडला होता. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ नोंदले गेले, आणि तपासणीत तिथला सेन्सर साधारण तीन अंश जास्त दाखवतो असं निघालं. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही आकडे अजून फिरतात. असला आकडा दिसला की आधी शेजारच्या केंद्रांचे आकडे बघावेत. एकाच शहरात मोकळ्या जागेवरच्या दोन केंद्रांत दहा अंशांचा फरक पडत नाही.

पुण्याची गंमत वेगळीच. शिवाजीनगरचं सर्वोच्च ४३.३ हे एकोणिसाव्या शतकातलं: ३० एप्रिल १८९७ ला तो आकडा नोंदला गेला. २८ एप्रिल २०१९ ला ४३ झाले, पण ०.३ ने हुकलं. यावरून "म्हणजे तेव्हाही एवढंच गरम होतं" असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. एका दिवसाचा कळस हा त्या दिवशीच्या वाऱ्याचा आणि ढगांचा जुगार असतो. हवामान बदललं का हे सरासरीत बघायचं. मार्च २०२२ घ्या: देशाचं सरासरी कमाल ३३.१० अंश, १९०१ पासूनच्या नोंदींत मार्चसाठी सर्वात जास्त. त्या महिन्यातला एखाद्या शहराचा गाजलेला आकडा आठवतो का? नाही, कारण तो महिना शिखराने नाही, पठाराने तापला. आणखी एक: कोरेगाव पार्क, चिंचवडसारख्या ठिकाणची स्वयंचलित केंद्रं शिवाजीनगरपेक्षा बरेचदा दोन-तीन अंश जास्त दाखवतात. तो आकडा चुकीचा नसतो, पण त्याची तुलना १८९७ च्या शिवाजीनगरशी करता येत नाही. मुंबईतही कुलाबा तीन बाजूंनी समुद्राने वेढलेलं, सांताक्रूझ विमानतळावरचं. या दोघांचे आकडे एका यादीत मिसळले की यादी वाया गेली.

किमान तापमान तर लोक विसरूनच जातात. दिल्लीत १९ जून २०२४ ला सफदरजंग केंद्राचं किमान ३५.२ होतं. पहाटेचं! शरीराला आणि घराच्या भिंतींना निवायला वेळच मिळाला नाही. उन्हाळ्यांच्या तुलनेत एकच रकाना वाढवायचा असेल तर तो किमानाचा वाढवा.

आकडेमोडीत सर्वात जास्त दिसणारी चूक आर्द्रतेची. सकाळी साडेआठची ८० टक्के आर्द्रता आणि दुपारचं ३८ तापमान अशी जोडी लावून कुणीतरी 'भासणारे तापमान ७०' असं काढतं. सापेक्ष आर्द्रता तापमानासोबत बदलते. सकाळी २८ अंशांना ८० टक्के असलेली हवा, तेवढीच वाफ धरून, दुपारी ३८ ला गेली की ४५ टक्के होते. दोन्ही आकडे एकाच क्षणाचे हवेत. नाहीतर सरळ दवबिंदू लिहा, म्हणजे हवा जितकी थंड झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान. तो दिवसभरात फार हलत नाही, आणि तो २४ च्या वर गेला की चिकचिक ठरलेली.

घरी मोजायचं तर गॅलरीतल्या भिंतीला टांगलेला तापमापक काढा, तो भिंतीचं तापमान सांगतो. वेधशाळेत पांढऱ्या, दुहेरी झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, दार उत्तरेला ठेवून मोजतात. आपल्याला निदान सावली, खेळता वारा आणि खाली काँक्रीटऐवजी माती एवढं जमवता येतं. गाडीच्या डॅशबोर्डवरचे ४८ कुणाला पाठवू नका.

ओल्या कापडासाठी दोन सारखे तापमापक घ्या. आधी दोन्ही एकाच भांड्यातल्या पाण्यात बुडवून फरक लिहून ठेवा. तो नंतर वजा करायचा. एकाच्या फुग्याला धुतलेल्या मलमलीचा एकच पदर गुंडाळा, टोक पाण्यात सोडा. पाणी बॅटरीत घालतात ते, डिस्टिल्ड. बोअरच्या पाण्याने आठ दिवसांत कापडावर क्षार बसतात आणि आकडा वर सरकतो. पंखा जवळ धरून वारा द्या, आकडा घसरायचा थांबला की वाचा. स्थिर हवेत वाचलात तर एक-दोन अंश जास्त येणार. डिजिटल आर्द्रतामापक असेल तर मिठाने तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर भिजेल इतकंच पाणी, मापकासह हवाबंद डब्यात रात्रभर. सकाळी ७५ दिसायला हवेत. ७० दिसले तर पुढच्या प्रत्येक वाचनात पाच मिळवा.

ओल्या कापडाच्या आकड्याचा सर्वात रोकडा उपयोग कूलरला होतो. चांगला भिजलेला पॅड कोरड्या आणि ओल्या तापमानातल्या फरकाचा साधारण ८० टक्के भाग कापतो. नागपूरच्या ४६ अंशांना फरक २३ चा, म्हणून झोत साडेसत्तावीसचा. मुंबईच्या ३४ ला तोच कूलर साडेएकोणतीसपर्यंत आणतो, वर खोलीत आणखी वाफ भरतो. खरी फसगत जूनच्या पहिल्या आठवड्यात विदर्भात होते. वळवाची सर पडते, पारा ४० वर उतरतो, आर्द्रता ४० टक्क्यांवर चढते. हुश्श म्हणावं तर हीट इंडेक्स ४८ आणि ओल्या कापडाचा आकडा पुन्हा साडेअठ्ठावीस, अगदी मुंबईचा. कूलरचा झोत ३१ अंशांचा आणि ओलाकंच. अशा दिवशी पंप बंद करा, नुसता पंखा चालू ठेवा आणि समोरची खिडकी सताड उघडा.