कागद पापड होतो तेव्हा

मार्चमध्ये माझं काम एका आकड्यापाशी येऊन अडलं. जर्मनीत हॅनोव्हरला येऊन दीड वर्ष झालं होतं. बडोद्याहून फोन आला की बाबा विचारायचे, "प्रबंध कुठवर आला?" मी म्हणायचे, "माहिती शोधतेय." आता सगळं मोबाइलवर मिळतं, मग ही पोरगी महिनोन् महिने शोधते तरी काय, असं त्यांना वाटायचं. बोलून दाखवायचे नाहीत, पण आवाजावरून कळायचं. आपल्याकडे इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलांनाही असंच वाटत असेल, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

माझा विषय ट्रान्सफॉर्मरमधला कागद. तांब्याच्या तारेवर क्राफ्ट पेपरच्या पट्ट्या गुंडाळतात आणि त्या तारेचं वेटोळं, म्हणजे वाइंडिंग, तेलात बुडवून ठेवतात. तेल गाळता येतं, बदलता येतं. तार टाकीतून बाहेर आणणारं बुशिंग बदलता येतं, आत जाणाऱ्या हवेतला ओलावा शोषणाऱ्या ब्रीदरमधली सिलिका जेल बदलता येते. कागद तेवढा बदलता येत नाही, त्यासाठी सगळं वाइंडिंगच नवं करावं लागतं. म्हणून कागदाचं आयुष्य तेच ट्रान्सफॉर्मरचं आयुष्य. कागद म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या. नव्या कागदात एका साखळीत सरासरी १००० ते १२०० दुवे असतात. उष्णता, ओलावा आणि ऑक्सिजन या तिघांमुळे साखळ्या तुटत जातात, आणि दुव्यांची सरासरी २०० च्या आसपास आली की कागदात जीव उरत नाही. या सरासरीला आमच्याकडे 'डीपी' म्हणतात.

आता आपल्या उन्हाळ्याचा प्रश्न येतो. आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयईसी ६००७६ मध्ये, बाहेरच्या हवेची वर्षाची सरासरी २० अंश धरलेली आहे. बडोद्याची सरासरी २७ च्या आसपास जाते, आणि मे महिन्यातल्या दुपारी मांडवीत उभं राहिलेल्याला ती सांगावी लागत नाही. त्याच मानकाच्या सातव्या भागात हिशेब दिला आहे की साध्या कागदासाठी सर्वांत तापलेली जागा ९८ अंशांवर असेल तर झीज ठरलेल्या, नेहमीच्या वेगाने होते, आणि पुढच्या दर ६ अंशांना झिजेचा वेग दुप्पट होतो. म्हणजे तोच ट्रान्सफॉर्मर, तोच लोड, पण नुसत्या हवेतल्या ७ अंशांनी आयुष्य निम्म्याहून खाली. आपल्याकडे ट्रान्सफॉर्मर घडवतानाच याची सोय करतात, तापमानवाढीची मर्यादा कमी ठेवतात. पण ती सोय तीस वर्षांनी प्रत्यक्ष पुरी पडली का? उष्ण प्रदेशात आयुष्यभर चाललेला ट्रान्सफॉर्मर उघडला, तर आतल्या कागदाचा डीपी किती निघतो? हा आकडा मला हवा होता.

प्रयोगशाळेतले आकडे ढिगाने मिळतात. बंद भांड्यात कागद आणि तेल घालायचं, १३० किंवा १५० अंशांवर काही आठवडे ठेवायचं आणि मोजायचं. पण आठवड्यांत भाजलेला कागद आणि तीस उन्हाळे सोसलेला कागद एकच, असं धरून चालायला माझं मन तयार नव्हतं. एका मोठ्या कंपनीला मी आधीच पत्र लिहिलं होतं. दोन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं की अशी माहिती आम्ही बाहेर देत नाही. त्या दिवशी फार निराश झाले.

हॅनोव्हरमध्ये विद्यापीठाच्या मुख्य इमारतीमागे, वेल्फेनगार्टन नावाच्या बागेला लागून, टीआयबी हे ग्रंथालय आहे. १९५९ साली सुरू झालं. तंत्रज्ञान आणि विज्ञानासाठीचं हे जर्मनीचं राष्ट्रीय ग्रंथालय. जे सहजासहजी मिळत नाही ते मिळवून ठेवायचं, हे यांचं ब्रीदच. परिषदांची जाडजूड कार्यवृत्तं, संशोधन प्रकल्पांचे अहवाल, पूर्व युरोपातलं, जपान-चीनमधलं तांत्रिक साहित्य. पुस्तकाच्या दुकानात न येणाऱ्या या छापील मालाला इथे 'ग्राउए लिटराटूर' म्हणतात, करडं साहित्य. मी दीड वर्ष या इमारतीत बसून अभ्यास करत होते, पण तिथल्या माणसांना काही विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्याकडे ग्रंथपालाशी बोलणं म्हणजे कार्ड दाखवणं आणि दंड भरणं, ती सवय.

इथे प्रत्येक विषयाचे वेगळे ग्रंथपाल असतात. मी वेळ मागून घेतली. पन्नाशीच्या बाई होत्या. मी माझ्या शोधशब्दांची यादी पुढे ठेवली. त्यांनी ती वाचली आणि विचारलं, "हे शब्द तुमचे आहेत. जी माणसं जुने ट्रान्सफॉर्मर उघडतात, ती याला काय म्हणतात?"

मला उत्तर देता आलं नाही.

मग दोघी मिळून बसलो. पहिली गोष्ट इतकी साधी निघाली की अजून हळहळ वाटते. जीर्ण होणं या अर्थाचा 'एजिंग' हा शब्द ब्रिटिश पद्धतीने लिहिताना मधे एक 'ई' येतो, अमेरिकन पद्धतीत येत नाही. मी लेख शोधत होते त्या डेटाबेसमध्ये दोन्ही लिहिल्याशिवाय दोन्हीकडचे लेख येत नव्हते. जर्मनमध्ये तो 'आल्टेरुंग'. आणि भंगारात काढलेला ट्रान्सफॉर्मर उघडून आतल्या कागदाची तपासणी करतात, त्याला या धंद्यातली माणसं 'पोस्टमॉर्टेम' म्हणतात. हा शब्द घातल्यावर पहिल्यांदा मला हवी तशी कागदपत्रं समोर आली. बहुतेक परिषदांत वाचलेली टिपणं, चार-सहा पानांची, कुठल्याही मोठ्या नियतकालिकात न आलेली. काही टीआयबीच्या तळघरातच होती. काही दुसऱ्या शहरांतून 'फेर्नलाइहे'ने, म्हणजे ग्रंथालयांच्या आपसातल्या देवाणघेवाणीने आली. एका मागणीला दीड युरो. इथे एक कप कॉफीही त्याहून महाग आहे.

त्या बाईंनी आणखी एक लावलेली सवय म्हणजे लेख मिळाला की आधी त्याच्या मागे जायचं, म्हणजे त्याने आधार घेतलेले जुने लेख बघायचे, मग पुढे. मागे जात जात मी १९३० सालच्या माँटसिंगर यांच्या निबंधापर्यंत पोचले. तापमान ठरावीक अंशांनी वाढलं की कागदाचं आयुष्य निम्मं होतं, हा नियम आज जगभर त्यांच्या नावाने चालतो. तो निबंध एआयईई या विद्युत अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेच्या कार्यवृत्तात आहे. पुढे १९६३ मध्ये तिचं दुसऱ्या एका संस्थेशी विलीनीकरण होऊन आजची आयट्रिपलई झाली. तिथून मग पुढे, ज्यांनी ज्यांनी त्याचा आधार घेतला ते सगळे. नव्वद वर्षांची वंशावळच तयार झाली माझ्या भिंतीवर.

पेटंटचं दालन तर मला कुणी दाखवलंच नव्हतं. युरोपियन पेटंट ऑफिसचं 'एस्पासनेट' हे संकेतस्थळ १९९८ पासून सर्वांना मोफत आहे, १५ कोटींहून जास्त दस्तऐवज त्यात आहेत, आणि बडोद्यात घरी बसूनही ते तसंच्या तसं उघडतं. तिथे शब्दाने शोधू नये, कारण पेटंट लिहिणारे कागदाला 'कागद' म्हणतीलच असं नाही. 'तंतुमय पट्टी'सुद्धा म्हणतील. वर्गीकरणाच्या क्रमांकाने शोधावं. वाइंडिंगच्या इन्सुलेशनचा क्रमांक एच०१एफ २७/३२. तो टाकला की भाषा कुठलीही असो, त्या विषयाची सगळी पेटंटं एका रांगेत येतात. उष्णता जास्त सोसणारा, ९८ ऐवजी ११० अंशांचा हिशेब लावता येणारा 'अपग्रेडेड' कागद कसा करतात, हे कंपन्यांच्या माहितीपत्रकात एका वाक्यात उरकलेलं असतं. जुन्या पेटंटांत त्यातलं रसायन नावासकट सापडतं, डायसायनडायमाइड. ज्यांना यंत्रांची आवड आहे त्यांनी एक रविवार यात घालवून बघा.

मानकांबद्दलही सांगायला हवं. आयईसीची मानकं विकत घ्यायची तर किंमत स्विस फ्रँकमध्ये, आणि विद्यार्थ्याच्या खिशाबाहेरची. मी ग्रंथालयात बसून वाचत होते. बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या चुलतभावाने फोनवर सांगितलं, "ताई, आयएस २०२६ चा सातवा भाग बघ ने, तेच आहे." खरंच, आपल्या मानक ब्यूरोने बरीच आयईसी मानकं जशीच्या तशी स्वीकारली आहेत, आणि बरीचशी भारतीय मानकं आता नाव नोंदवून फुकट उतरवून घेता येतात. फक्त आवृत्तीचं वर्ष तपासायचं. आयईसीचा हा भाग २००५ चा वेगळा आणि २०१८ चा वेगळा. नियतकालिकांचंही तसंच. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये सरकारी विद्यापीठांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. भावाच्या वर्गात बऱ्याच जणांना याचा पत्ता नव्हता. त्याने सांगितलं तेव्हा मला इथे बसून वाईट वाटलं. दार उघडं आहे आणि कुणी आत जात नाही.

मे महिन्यात घरी आले. आमचं घर दांडिया बाजारात. थोरले काका मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या कारखान्यात चौतीस वर्षं वाइंडिंग बघत होते. निवृत्त होऊनही आठवड्यातून दोनदा जातात. जेवताना मी सहज म्हटलं, "काका, तुम्ही उघडलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये कागद कसा असायचा?"

"कुठला कागद? वरचा की खालचा?" काका म्हणाले.

माझा हात थांबला. काका सांगू लागले. "वरच्या दोन-तीन डिस्क बघायच्या. तिथे तेल सगळ्यांत गरम. खालचा कागद कापडासारखा असतो, वरचा पापड झालेला. आमचे कारागीर म्हणतात, कागळ पापड थई गयो. झाला की नाही ते दुमडून बघायचं."

जेवण झाल्यावर त्यांनी माळ्यावरून वह्या काढल्या. निळ्या कव्हरच्या, दोरीने बांधलेल्या सात वह्या. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरला एक ओळ. केव्हीए म्हणजे क्षमता, बनवल्याचं साल, कुठून आला, का बिघडला, आणि शेवटच्या रकान्यात कागदाची अवस्था. त्या रकान्यात चारच शब्द. कापड, कडक, पापड, कोळसा. अक्षर मराठी, मधेच गुजराती. काही ओळींपुढे पेन्सिलीने लिहिलेलं, 'ब्रीदर कोरडा नव्हता'. ओलाव्याने कागद लवकर जातो हे मी तीन परिषदांच्या कार्यवृत्तांतून जमवलं होतं, ते इथे पेन्सिलीत होतं.

काका एक पट्टी घेऊन आले. बोटभर रुंद, गडद तपकिरी, तेलाचा वास अजून येत होता. "धर." मी धरली. "दुमड." दुमडली आणि घडीवर टचकन तुटली, आवाज आला. मग दुसरी, त्याच वाइंडिंगच्या खालच्या बाजूची. ती दुमडली, उलटी दुमडली, काही झालं नाही.

ग्रंथपाल बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरातच होतं. आमच्या माळ्यावर, चार शब्दांत.

या वह्या म्हणजे मोजमाप नाही, हे मला माहीत आहे, आणि काकांनाही. दुमडून बघणं हा हाताचा अंदाज आहे, त्याला अंक नाही. पण कुठला ट्रान्सफॉर्मर कुठल्या गावातून, किती वर्षांनी आणि कुठल्या जागचा कागद, हे मला कुठल्याच डेटाबेसने दिलं नव्हतं. काकांनी कारखान्याच्या मालकांशी बोलून परवानगी मिळवली. नवीन आलेल्या तीन ट्रान्सफॉर्मरमधल्या पट्ट्या वरच्या, मधल्या, खालच्या अशा वेगवेगळ्या पाकिटांत भरल्या, आणि प्रत्येक पाकिटावर काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

निघायच्या आधी भावाला घेऊन मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत गेले. लहानपणी आजोबांबरोबर जायचे, तेव्हा तिथल्या काचेच्या फरशीवर पाय ठेवायला भीती वाटायची. सयाजीराव महाराज १९०६ मध्ये अमेरिकेत गेले, तिथली सार्वजनिक ग्रंथालयं बघून आले, आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यात बोलावून घेतलं. बॉर्डननी इथल्या माणसांना ग्रंथालयाचं शास्त्र शिकवलं. गावोगाव पेटीतून पुस्तकं जायची. त्याच्या वीस वर्षं आधी, १८९० मध्ये, महाराजांनी कलाभवन काढलं होतं, कारागिरी आणि तंत्र शिकवायला. आज एम. एस. युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी म्हणजे तेच. हात आणि ग्रंथ दोन्ही एकाच गावात असायला हवेत, हे त्यांना तेव्हा दिसलं होतं. मी भावाला तिथेच म्हटलं, "तुझ्या प्रोजेक्टला शब्द कमी पडले तर आधी काकांकडे जा."

हॅनोव्हरला परतल्यावर पट्ट्या धुतल्या. आयईसी ६०४५० प्रमाणे आधी तेल काढावं लागतं, मग कागद विरघळवून त्या द्रावाला काचेच्या बारीक नळीतून वाहायला किती वेळ लागतो ते मोजतात. साखळ्या लांब असतील तर द्राव घट्ट, सावकाश वाहतो. तुटलेल्या असतील तर भरकन जातो. काकांनी 'पापड' लिहिलेल्या पाकिटाचा द्राव इतका झटपट उतरला की मी घड्याळ पुन्हा लावून दुसऱ्यांदा मोजलं. आकडा २०० ला टेकलेला. 'कापड' लिहिलेल्याचा त्याच्या दुपटीहून बराच वर.

रात्री फोन केला. काका जेवून बसले होते. मी दोन्ही आकडे सांगितले.

"आणि 'कडक'चा?" त्यांनी विचारलं.

"उद्या लावते, काका."

"लाव. आणि ऐक, परवा पादरा गावाहून एक आलाय, सत्तावीस वर्षं चाललेला. तुझ्यासाठी वरचा कागद काढून ठेवू की तिन्ही जागचा?"

"तिन्ही जागचा," मी म्हटलं.