माणूस झाडाला टेकला की

हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन उच्चारलिपींची ४६-४६ मूळ अक्षरं हाताखालून गेली तेव्हा जपानी आपल्याला वश झालीच, असं मला वाटलं होतं. बाराखडी गिरवत मोठं झालेल्याला लिपीचं कसलं भय! मग कांजी, म्हणजे चिनीतून आलेली, अख्खा अर्थ सांगणारी चिन्हं, समोर आल्या. जपान सरकारच्या नित्य वापराच्या यादीत २०१० पासून २१३६ चिन्हं आहेत. ती यादी पाहिली आणि मी शिकायचं सोडून शिकायचं कसं याचा शोध घ्यायला लागले.

महिना गेला. सुखाचा महिना, कारण पद्धत निवडताना विसरण्यासारखं काही नसतंच.

आधी वाटलं, तिथली मुलं शिकतात तसंच शिकावं. पहिलीत ८० चिन्हं, सहावी संपेपर्यंत १०२६. चौकटींच्या वहीत, रेघांचा ठरलेला क्रम पाळून. पण त्या मुलांच्या तोंडात 'यामा' म्हणजे डोंगर हे आधीच बसलेलं असतं, चिन्ह तेवढं नवं. मला डोंगरही नवा.

मग गोष्टी रचणाऱ्यांच्या नादी लागले. माणूस झाडाला टेकला की विश्रांती, सूर्य-चंद्र शेजारी बसले की उजेड, तीन झाडं म्हणजे रान. फार गोड प्रकार! चिन्हाचे तुकडे पाडायची नजर मला यातूनच आली. देवळाच्या चिन्हाला डावीकडे हात जोडला की 'धरणे', सूर्य जोडला की 'वेळ', पावलाची खूण जोडली की 'वाट पाहणे'. गोष्ट नसती तर या तिघांनी मला रोज गंडवलं असतं. पण एकदा एक ओळ मोठ्याने वाचायची वेळ आली आणि मी विश्रांती, उजेड, रान असं मराठीतच वाचत सुटले. अर्थ सगळे पाठ, उच्चार एकही नाही.

उच्चारांची तर निराळीच तऱ्हा. पाण्याचं चिन्ह एकटं असलं की 'मिझु', बुधवारच्या नावात 'सुई'. पहिला जपानीचा घरचा, दुसरा चिनीतून आलेला. याचा मला आधी राग आला. मग लक्षात आलं, आपणही एरवी पाणी म्हणतो आणि जोडशब्द करताना जलाशय, जलचर. पाणचर कुणी म्हणत नाही. पाणी आणि जल यांना एकच चित्र असतं तर आपलंही हेच झालं असतं. पण रविवार, म्हणजे 'निचियोबी', यात पहिलं आणि शेवटचं चिन्ह एकच; आधी 'निचि', शेवटी 'बी'. इथे कुठलीच गोष्ट कामाला येत नाही, अख्खा शब्दच तोंडात बसवावा लागतो.

तेव्हापासून सुटं चिन्ह पाठ करणं बंद. शब्द घ्यायचा, वाक्यासकट, आणि विसरायच्या बेतात आला की पुन्हा काढायचा. ते दिवस मोजायला फोनमधलं अॅप आहे.

गिरवणं मात्र सुटलेलं नाही. टाइप करताना उच्चार दिला की चिन्हं समोर हजर होतात, हे ठाऊक आहे. तरी 'धरणे' आणि 'वाट पाहणे' यांतला फरक माझ्या डोळ्यांआधी बोटांना कळतो. चुकलेला शब्द मी दहादा लिहिते. देऊळ अजून चौकटीबाहेर जातं.