भंगारातला रूटर, पुढची नोंद: पिंगच्या चौकटीमागचं शेल

मागच्या नोंदीत भंगारातल्या एका रूटरच्या फ्लॅशची, म्हणजे फर्मवेअर (डब्याचं आतलं सॉफ्टवेअर) साठवणाऱ्या चिपची, प्रत हाती आली होती, पण पुन्हा वाचली की हॅश, म्हणजे फाइलचा आकडेमोडी ठसा, जुळत नव्हता. आता जुळला. कारण नेहमीचंच निघालं. चिपच्या पायांना क्लिप लावून ३.३ व्होल्ट दिले की ते एकट्या फ्लॅशला मिळत नाहीत. बोर्डावरचा प्रोसेसरही अर्धवट जागा होतो आणि त्याच चिपशी बोलायला लागतो. शेवटी २५क्यू६४ चिप बोर्डावरून उतरवली, वेगळी वाचली, परत डाग दिला. ८ एमबीची प्रत, दर वेळी तोच हॅश. ज्यांच्याकडे काळा सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप वाचायचं उपकरण) आहे त्यांनी आधी डेटाच्या पायांवर मीटर लावून बघा. अनेक काळ्या बोर्डांवर तिथं ५ व्होल्ट येतात, आणि ३.३ ची चिप ते फार दिवस सोसत नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढंच: यवतमाळच्या भंगारवाल्याकडून किलोवर रूटर आणायचे आणि दारव्ह्याच्या आतल्या आमच्या गावात बसून ते उघडायचे, हा माझा उद्योग. पावसाळ्यात वीज कडाडली की जुन्या तांब्याच्या लायनीवरच्या डब्यांचं वॅन पोर्ट (बाहेरची लाइन जोडायची जागा) जातं, लोक डबा फेकून देतात, आतला प्रोसेसर मात्र ठणठणीत असतो. हा डबा मीडियाटेकच्या एमटी७६२८ चिपवरचा, ६४ एमबी रॅमचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, का ते पुढे येईलच.

बिनवॉक या साधनाने प्रत फोडली. यू-बूट (डबा सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम), एलझेडएमएने दाबलेला कर्नल (लिनक्सचा गाभा), मागे स्क्वॉशएफएस (दाबून ठेवलेल्या फाइलींचं कपाट). उलगडल्यावर नेहमीचा संसार: एक बिझीबॉक्स (लिनक्सच्या छोट्या आज्ञांचं एकच गाठोडं), त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या ढीगभर लिंका, एक वेबसर्व्हर आणि त्याच्या पोटात कंपनीचा सगळा कारभार. बोर्डाच्या कडेला चार भोकं होती, छापलेलं काहीच नव्हतं. मीटरने ग्राउंड शोधला. डबा चालू करताना ज्या भोकावर व्होल्टेज थरथरतं ते टीएक्स, म्हणजे डबा जिथून बोलतो ते. ११५२०० च्या वेगावर कन्सोल (आज्ञा टाइप करायचा पडदा) आला आणि पासवर्ड न विचारता रूटचं, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचं, # समोर उभं राहिलं. पण त्याचं मला फारसं कौतुक नाही. कन्सोल ज्याच्या हातात डबा आणि स्क्रूड्रायव्हर आहे त्याला मिळतो. मला बघायचं होतं ते वायफायवर बसलेल्या माणसाला काय मिळतं.

इथून पुढचा सगळा वेळ घिड्रात (प्रोग्रॅम उलगडून वाचायचं साधन) गेला. वेबसर्व्हरच्या कोडमध्ये एक सोयीचं फंक्शन आहे: आधी एसएनप्रिंटएफसारखं, म्हणजे ठरलेल्या साच्यात मजकूर भरून, वाक्य जुळवतं, मग ते वाक्य जसंच्या तसं सिस्टीम या कॉलला देतं. सिस्टीम म्हणजे शेल, लिहिलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, आणि इथं वेबसर्व्हरच रूट म्हणून चालतो, त्यामुळे शेलही रूट. हे फंक्शन कुठून कुठून बोलावलंय याची यादी घिड्रा एका झटक्यात काढून देतं. शंभराच्या वर जागा निघाल्या. घाबरायचं कारण नाही, बऱ्याच जागी वाक्य ठरलेलं असतं, बाहेरचा मजकूर त्यात शिरतच नाही. त्या बाजूला काढल्या. उरल्या दोन जाती: ज्यांत वेबफॉर्ममधला मजकूर थेट येतो, आणि ज्यांत तो आधी एनव्हीरॅममध्ये (डबा बंद केला तरी टिकणारी सेटिंगची जागा) साठवला जातो व नंतर कधीतरी बाहेर निघतो. दुसरी जात जास्त मजेशीर आहे, पण आधी पहिली.

पहिलीत सापडलं ते पिंगचं, म्हणजे एखादा पत्ता उत्तर देतो का ते बघायचं, पान. स्वस्त रूटरमध्ये हे पान हमखास असतं: चौकटीत पत्ता टाका, बटण दाबा, खाली उत्तर. आतलं वाक्य होतं पिंग, चार पॅकेट, आणि शेवटी टक्का-एस, म्हणजे चौकटीतला मजकूर बसायची जागा. पत्ता बरोबर आहे का हे तपासणारं कोड होतं, पण ते जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरात. विनंती ब्राउझरऐवजी दुसऱ्या कशातून पाठवली की ही तपासणी तुमच्या आणि सर्व्हरच्या मध्ये नसतेच. शेलमध्ये अर्धविरामानंतर नवी आज्ञा सुरू होते. पत्त्यामागे अर्धविराम टाकून पाच सेकंद झोपायला सांगितलं, तर पान पाच सेकंद उशिरा आलं. मग त्याच वाटेने टीएमपी या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल करायला सांगितली आणि कन्सोलवरून पाहिली. फाइलचा मालक रूट. एवढ्यावर थांबलो. टीएमपी रॅममध्ये असतं, डबा बंद केला की साफ. चाचणीला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

भर चाचणीत लाइन गेली. डबा १२ व्होल्टचा, म्हणून फवारणी पंपाची बॅटरी लावून काम पुढे नेलं, तर धाकटा भाऊ दारात: "दादा, पंपाची बॅटरी कुठी नेली? उद्या तुरीवर फवारा माराचा हाये." बॅटरी परत गेली, रूटरचं बघू नंतर.

पिंगची ही चौकट आपल्या छंदाच्या इतिहासात मानाची आहे. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या रूटरच्या सुरुवातीच्या फर्मवेअरमध्ये पिंगच्या पानात हेच भोक (सुरक्षेतली फट) होतं. लोकांनी त्याच भोकातून बूट_वेट नावाची सेटिंग चालू केली, म्हणजे डबा चालू होताना थोडा थांबेल आणि नवं फर्मवेअर घेईल. स्पेस चालत नव्हती तर तिच्या जागी शेलचा आयएफएस व्हेरिएबल वापरला, त्यात स्पेस भरलेलीच असते. त्याच रूटरच्या कोडमधून पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे रूटरसाठीचं खुलं फर्मवेअर उभं राहिलं. आपल्याला दार उघडून देणारं भोक दुसऱ्यालाही दार उघडून देतं, हे मात्र तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही.

पुढे घ्यावं लागलं. २०१६ च्या डिसेंबरमध्ये नेटगियरच्या आर७००० आणि त्याच्या भावंडांत सीव्हीई-२०१६-६२७७ (सीव्हीई म्हणजे सापडलेल्या भोकाला मिळणारा जाहीर क्रमांक) निघालं: रूटरच्या सीजीआय पानाच्या पत्त्यात अर्धविरामानंतर आज्ञा लिहायची, लॉगिन लागत नाही. अमेरिकेच्या सर्ट/सीसी या सायबर सुरक्षा केंद्राने दुरुस्ती येईपर्यंत हे रूटर वापरूच नका, असा सल्ला दिला होता. कारण पान बाहेरून उघडं नसलं तरी भागत नव्हतं; घरातल्या कुणी वाकड्या वेबसाइटवर क्लिक केलं की त्याचाच ब्राउझर ती विनंती रूटरला पोचवायचा. २०१८ मध्ये डासानच्या जीपॉन (फायबरच्या) रूटरमध्ये दोन भोकांची जोडी सापडली, एकाने लॉगिन टळतं, दुसरं पुन्हा पिंगच्याच पानात. आणि टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स२१ मध्ये, सीव्हीई-२०२३-१३८९, देश निवडायच्या रकान्यात. देश! डिसेंबर २०२२ मध्ये टोरंटोच्या पॉनटूओन या भोकं शोधून दाखवायच्या स्पर्धेत ते दाखवलं गेलं, दुरुस्ती आली, आणि एप्रिल २०२३ मध्ये मिराई या रूटर-कॅमेऱ्यांना लागण करणाऱ्या मालवेअरच्या टोळीने तेच वापरून रूटर गोळा करायला सुरुवात केली. दुरुस्ती आली म्हणजे ती घराघरात पोचली असं नाही. आपल्याकडे रूटर एकदा भिंतीला टांगला की त्याचं फर्मवेअर बदलायला कुणी चढत नाही.

आता दुसरी जात. माझ्या डब्यात वेळेच्या सर्व्हरचं नाव साठवायचं पान आहे. इथं सर्व्हरच्या बाजूलाही तपासणी होती, लांबी आणि अक्षरं दोन्ही. मला वाटलं इथं काही नाही. पण बूट होताना, म्हणजे डबा सुरू होताना, चालणारी स्क्रिप्ट तेच नाव एनव्हीरॅममधून काढून पुन्हा शेलच्या वाक्यात घालते, आणि ती काहीच तपासत नाही, कारण तिच्या मते आधी कुणीतरी तपासलेलं आहे. एनव्हीरॅममध्ये जायला दुसरी वाटही आहे: सेटिंगचा बॅकअप परत चढवणं. बॅकअपची फाइल म्हणजे नाव-बरोबर-किंमत अशा ओळी, शेवटी साधा चेकसम (फाइल बिघडली नाही ना ते बघायची बेरीज). ती चढवताना कुठलीच तपासणी होत नाही. ओळ बदलली, चेकसम नव्याने काढला, चढवलं, डबा पुन्हा सुरू केला, फाइल हजर. याला ॲडमिनचं लॉगिन लागतं, म्हणून पिंगपेक्षा हे कमी धोक्याचं धरतो. पण हे पुसायला डबा बंद करून चालत नाही, दर बूटला ते परत येतं, हे मला जास्त खटकतं.

वेळेच्या सर्व्हरच्या याच रकान्याने नोव्हेंबर २०१६ मध्ये केवढा गोंधळ घातला होता ते आठवा. आयर्लंडमधल्या आयरच्या डी१००० मोडेममध्ये ७५४७ पोर्टावरून (कंपनीने मोडेम दुरून सांभाळायची वाट) वेळेच्या सर्व्हरच्या नावात आज्ञा घालता येत होती. मिराईच्या एका पिल्लाने तीच विनंती जगभर फेकली. जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट गेलं, आणि गंमत म्हणजे तिथल्या डब्यांत ते भोक नव्हतंच. ते नुसत्या भडिमाराने आडवे झाले.

कंपनीच्या संकेतस्थळावर याच मॉडेलचं नवं फर्मवेअर मिळालं, तेही उलगडून ताडून पाहिलं. पिंगच्या फंक्शनमध्ये आता अर्धविराम, उभी रेघ आणि अँडचं चिन्ह (&) शोधून विनंती नाकारतात. उलटा टिक आणि डॉलर-कंस तसेच मोकळे, आणि त्यांतूनही शेल आज्ञा चालवतं. ही काळ्या यादीची रीत मला मुळातच पटत नाही. शेलची चिन्हं मोजून संपत नाहीत. मोठ्या नावांनाही हा मोह सुटत नाही. २०१९ मध्ये सिस्कोने आरव्ही३२० आणि आरव्ही३२५ या छोट्या ऑफिसच्या रूटरमधली भोकं बुजवली, तर रेडटीम पेनटेस्टिंग या सुरक्षा कंपनीला दिसलं की दुरुस्तीच्या नावाखाली कर्ल (ब्राउझरशिवाय विनंती पाठवायचं साधन) हे नाव सांगणाऱ्या विनंत्या तेवढ्या अडवल्या होत्या. कर्लला दुसरं नाव सांगायला एक पर्याय पुरतो. सिस्कोला पुन्हा दुरुस्ती काढावी लागली.

करायचं काय असतं ते खरं तर लहानसं आहे. पिंगच्या रकान्यात आयपी पत्ता हवा ना, मग आयनेट_पीटॉन या पत्ता ओळखणाऱ्या फंक्शनला द्या. पत्ता असेल तर पुढे, नाहीतर परत. आणि शेलला मध्ये घेऊच नका: फोर्क करून (नवी प्रक्रिया काढून) एक्झेकव्हीईने पिंग थेट चालवा, पत्ता वेगळा आर्ग्युमेंट म्हणून. मग त्यात अर्धविराम असो की अख्खी लावणी, पिंगला तो एक विचित्र पत्ता वाटतो, बस. मी माझ्या प्रतीत एवढंच बदलून क्यूईएमयूत (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) चालवून पाहिलं. एनव्हीरॅमची लायब्ररी तिथं नसते, म्हणून खोटी लिहून प्रीलोड केली, म्हणजे आधीच चढवून ठेवली. चाललं.

नाव का लिहीत नाही, तर कंपनीला कळवलंय आणि उत्तर नाही. सर्ट-इन या भारताच्या सायबर सुरक्षा संस्थेलाही कळवलं, तिथून पोच आली आहे. सीव्हीई क्रमांक देण्याचा अधिकार सर्ट-इनकडे आहे, त्यामुळे ती वाट सरळ आहे. नव्या मंडळींना सांगून ठेवतो: हे सगळं स्वतःच्या डब्यावर, बाहेरची वायर काढून. दुसऱ्याच्या रूटरवर अर्धविराम टाकून बघणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये येतं, 'नुसतं बघत होतो' तिथं चालत नाही.

याच निमित्ताने गावातल्या कृषी सेवा केंद्राचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) पाहिला, मालकांना विचारून. कॅमेरे बसवणाऱ्याने रूटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून (बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत वाट उघडून) ठेवलं होतं आणि डीव्हीआरचा पासवर्ड जन्मापासूनचाच. डीव्हीआरमध्येही हीच जात असते. टीबीकेच्या डीव्हीआरमधलं सीव्हीई-२०२४-३७२१ मिराईने २०२५ मध्येही वापरलं. फॉरवर्ड काढतो म्हटल्यावर काकांचा पहिला प्रश्न, "मंग मोबाइलवर दुकान दिसन का नाही?" दिसतं. माझ्या दुसऱ्या एका डब्यावर ओपनडब्ल्यूआरटी घालून वायरगार्ड (बाहेरून आत यायचा कुलूपबंद खासगी बोगदा) उभं केलं, काकांच्या फोनमध्ये ॲप टाकलं. त्यांच्या लायनीला खरा सार्वजनिक पत्ता आहे म्हणून हे जमलं. बहुतेक सिमवर आणि पुष्कळ फायबरवर सीजीनॅट (एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटणं) असतं, तिथं बाहेरून आत यायला वाटच नाही. काही जण त्यालाच संरक्षण समजतात. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते, उपकरणागणिक सार्वजनिक पत्ता) चालू असेल आणि रूटरची फायरवॉल ढिली असेल तर ते किती टिकतं ते एकदा तपासून बघा.

ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे सोवळं, असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या फर्मवेअर बांधून देणाऱ्या सर्व्हरमध्ये पॅकेजच्या नावातून आज्ञा घुसवता येत होती, आणि एसएचए-२५६ चा हॅश १२ अक्षरांवर कापल्यामुळे (छोटा ठसा जुळवणं सोपं) दुसऱ्याच्या विनंतीला बनावट फाइल देता आली असती. फरक एवढाच की कळवल्यावर त्यांनी सेवा लगेच बंद करून दुरुस्त केली आणि सगळं उघड लिहिलं.

आता पुढचं काम या डब्यातल्या यूपीएनपीच्या डीमनचं, म्हणजे घरातल्या उपकरणांच्या मागणीवरून पोर्ट जोडून देणाऱ्या, मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमचं. पोर्ट जोडायच्या विनंतीतला आतला पत्ता तो थेट आयपीटेबल्स या फायरवॉलच्या आज्ञेच्या वाक्यात घालतो असं घिड्रात दिसतंय, पण क्यूईएमयूच्या युजर मोडमध्ये (एकच प्रोग्रॅम चालवायची रीत) तो सुरूच होत नाही, ब्रिजचा इंटरफेस सापडत नाही म्हणून मरतो. मिप्ससाठी (या डब्याच्या प्रोसेसरची जात) पूर्ण सिस्टीम मोड कुणी लावला असेल तर कुठला कर्नल घेतलात तेवढं कळवा. माझा माल्टा बोर्डवरचा (क्यूईएमयूतला नकली मिप्स बोर्ड) कर्नल वर येतो, पण हा डीमन त्यातही नेटवर्कच्या एका आयओसीटीएलवर (कर्नलकडे केलेली खास मागणी) अडकतो.